घर बांधणारा कसा निवडावा?



मुलीसाठी स्थळ पाहायचे असले म्हणजे आपण काय काय करतो ते आठवून पाहा. मुलाच्या गावी जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, कचेरीत ओळख काढून त्याच्या वरिष्ठांचे मत घेतो, मामाच्या सासुरवाडीपर्यंत धागा नेऊन भिडवतो. ही चौकशी तीन-तीन महिने चालते आणि तिच्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. घर बांधायला माणूस ठरवायचा असला म्हणजे मात्र आम्ही त्याला एकच प्रश्न विचारतो, "स्क्वेअर फुटाला काय घेता?" त्याने आकडा सांगितला की पन्नास रुपये कमी करा म्हणतो, तो पंचवीस कमी करतो, चहा होतो, आणि आयुष्यभराची शिल्लक, प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम व पुढल्या वीस वर्षांच्या हप्त्यांचे कर्ज ही सारी पाऊण तासात एका अनोळखी माणसाच्या हवाली करून मोकळे होतो.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. 'बिल्डर' हा शब्द आपल्याकडे फ्लॅट बांधून विकणाऱ्याला चिकटला आहे. त्याच्यासाठी २०१६ सालचा स्थावर संपदा कायदा आहे, मे २०१७ पासून महारेरा आहे, तेथे प्रकल्पाची नोंदणी होते आणि तक्रारीलाही दार आहे. आजचा आमचा विषय त्याचा नव्हे. दोन-तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घेऊन त्यावर आपल्या कुटुंबापुरते घर बांधणारा जो गृहस्थ, त्याचा हा विषय आहे. त्याच्या कामात विकणारा कुणी नसतो, म्हणून ते काम त्या नोंदणीत येत नाही. नगरपालिका नकाशा मंजूर करते, जोते झाल्यावर तपासणी करते, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र देते. पण तिची नजर घर मंजूर नकाशाप्रमाणे व नियमाप्रमाणे आहे की नाही यावर असते. सिमेंटात वाळू किती मिसळली हे पाहायला तिचा माणूस येत नाही. कर्ज देणारी बँकही हप्ता सोडण्यापूर्वी आपला माणूस पाठवते, परंतु तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते पाहतो. पुष्कळांची समजूत अशी असते की, एवढे लोक येऊन पाहून जातात त्या अर्थी काम चांगलेच होत असणार. ही समजूत महागात पडते.

प्रथम त्या स्क्वेअर फुटाच्या दराकडे वळू. हा आकडा दिसतो साधा, पण त्याच्या पोटात काय आहे हे कळेपर्यंत त्याला अर्थ नसतो. समजा, हजार फुटांच्या घराला एक ठेकेदार १,९०० रुपये दर सांगतो आणि दुसरा २,१५०. तुम्ही मनात गुणाकार करता. एक १९ लाखांचा, दुसरा साडेएकवीस लाखांचा, म्हणजे पहिल्याकडे अडीच लाख वाचले. काम संपताना पहिला मोजमाप काढतो तेव्हा जिन्याची टोपी, पोर्च आणि बाल्कनी ही सारी पूर्ण मापाने धरतो. ती १८० फूट भरली की हजाराचे १,१८० फूट होतात आणि बिल २२ लाख ४२ हजारांवर जाते. जमिनीखालची पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत, स्वयंपाकघरातला माळा, जोत्याची भर हे सगळे 'एक्स्ट्रा' म्हणून निराळेच. दुसऱ्याच्या दरात यांतल्या अर्ध्या गोष्टी धरलेल्या होत्या, पण तुम्ही विचारले नव्हते आणि त्यालाही सांगायचे सुचले नाही. म्हणून दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या: मोजणी कशाची करणार, दरात काय काय धरले आहे, आणि कोणत्या मालाचे. फरशी किती रुपये फुटाची, नळाच्या तोट्या कोणत्या, खिडक्या ॲल्युमिनियमच्या की लाकडी, रंगाचे हात किती, हे सारे कागदावर उतरवून तोच कागद तिघा ठेकेदारांना द्यावा. मग तिघांचे आकडे एका तराजूत बसतात. त्यांतल्या एकाचा आकडा बाकीच्या दोघांहून फारच खाली आला तर आनंदून जाऊ नये. सिमेंट, सळई आणि गवंड्याची हजेरी ही त्याला आणि इतरांना जवळपास एकाच भावाने पडते, तेव्हा त्याने ते पैसे कुठून वाचवले हे त्यालाच विचारावे.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९४ साली आमचे स्वतःचे घर झाले, तेव्हा आम्ही हीच चूक केली. नात्यातल्या एकाच्या ओळखीचा ठेकेदार होता आणि त्याचा दर सर्वांत कमी होता. ओळखीचा म्हणून लेखी काही केले नाही, कारण लेखी मागितले तर त्याला वाईट वाटेल! तो मागेल तेव्हा पैसे देत गेलो. आईने आपल्या पाटल्या मोडल्या होत्या, त्याही त्यात गेल्या. एप्रिलच्या अखेरीस स्लॅब पडला आणि तिसऱ्या दिवशी सारी मंडळी दुसऱ्या कामावर निघून गेली. तोवर दहा आण्यांचे काम झाले होते आणि चौदा आणे पैसे गेले होते, मग परत येण्याची त्याला घाई कशाला असावी? भर वैशाखाच्या उन्हात स्लॅब कोरडा तापत राहिला. पाणी मारायचे असते हे आम्हांला ठाऊक होते, पण ते त्याचे काम म्हणून आम्ही त्याची वाट पाहत बसलो. दुसऱ्या पावसाळ्यात देवघराच्या कोपऱ्यात पाणी उतरू लागले. पुढे गच्चीवर दोनदा कोबा केला, डांबर लावले, तरी तो कोपरा आजही आषाढात ओला होतो. आई त्या कोपऱ्यात समईऐवजी पातेले ठेवी आणि त्यावर कधी एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

असो. ठेकेदार शोधायला निघण्याआधी दुसरा एक माणूस गाठावा लागतो, तो म्हणजे नकाशा काढणारा व सळईचा हिशेब करणारा इंजिनिअर. हल्ली ठेकेदारच म्हणतात, "साहेब, नकाशा आमच्याकडून फुकट. इंजिनिअर आमचाच आहे." फुकट मिळते म्हणून आपल्याला बरे वाटते. पण ज्याने काम करायचे त्यानेच ते तपासायचे, हा व्यवहार आपण किराण्याच्या उधारीतसुद्धा चालवत नाही. इंजिनिअरची फी एकंदर खर्चाच्या मानाने थोडी असते, आणि ती तुम्ही दिलेली असली म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलतो. आपल्या सातारा जिल्ह्यात तर हे विसरून चालणारच नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे दगावली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीस त्याहून फार मोठा अनर्थ झाला. तेथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे माणसांच्या अंगावर आले. यावर पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते, "आम्ही दोन सळया जास्त घातल्या आहेत." भूकंपात सळयांच्या संख्येपेक्षा त्या कशा बांधल्या आहेत याला महत्त्व येते. कॉलमच्या उभ्या सळयांना जी रिंग घालतात तिची दोन्ही टोके आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली असावी लागतात. काटकोनात नुसती दुमडलेली रिंग हादऱ्याने वरचे काँक्रीट सुटले की उघडते आणि मग उभ्या सळया बाहेर फुगतात. हे टोक नीट वळवायला सळई चार बोटे जास्त लागते आणि फिटरला थोडा जोर जास्त लागतो, एवढाच खर्च. ठेकेदाराच्या चालू कामावर जाऊन रिंगांची टोके पाहिलीत तर त्याच्याविषयी अर्धी माहिती तेथेच मिळते.

चालू काम पाहावे, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. ठेकेदार तुम्हांला नेहमी पुरे झालेले घर दाखवायला नेतो. तेथे रंग असतो, गुळगुळीत फरशी असते, यजमानीणबाई सरबत देतात आणि तुम्ही खूश होऊन परतता. रंगाखाली काय आहे ते तेथे दिसत नाही. त्यापेक्षा त्याची सध्या कोणकोणती कामे चालू आहेत त्यांचे पत्ते घ्यावेत आणि त्याला न सांगता दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास जाऊन उभे राहावे. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचल्या आहेत की जमिनीवर पडल्या आहेत ते पाहावे. ओल लागलेल्या गोणीत खडे होतात, आणि ते फोडून वापरणारे महाभागही असतात. स्लॅबच्या सळयांखाली सिमेंटचे ठोकळे लावले आहेत का पाहावे. सळई आणि खालची फळी यांत निदान २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, अंतर हवे, कॉलमला त्याच्या दुप्पट हवे. ठोकळ्यांऐवजी खडी सारून ठेवली असेल तर ती पहिल्याच पावलाला निसटते, सळई तळाशी बसते, आणि दहा-पंधरा वर्षांनी छताचे पापुद्रे पडून तांबडी गंजलेली सळई डोके काढते. गावात अशी छते कमी नाहीत. कॉलमना ओले बारदान गुंडाळले आहे का? स्लॅबवर वाळू-सिमेंटच्या बारीक बांधांची आळी करून त्यांत पाणी साठवले आहे का? गवंड्याच्या हाती ओळंबा आणि गुण्या दिसतात, की नजरेनेच काम चालले आहे?

आणि गवंड्याशी बोलावे. आमचे धाकटे बंधू घर बांधायला निघाले त्या वेळी आम्ही अशाच एका कामावर गेलो होतो. एक म्हातारे गवंडी विटा लावत होते. आम्ही विचारले, "बाबा, यांच्याकडे किती वर्षं?"

"आता सतरावं वरीस चाललंय."

"मग पटतं म्हणायचं."

"पटतंय कशाचं! रोज शिव्या खातोय. भिंत पाडाया लावत्यात." मग करणी खाली ठेवून ते म्हणाले, "पण शनिवारचा पगार कधी रविवारवर न्हाई गेला."

आम्ही ठेकेदाराविषयी त्या दिवशी आणखी काही विचारले नाही. जो वाकडी भिंत पाडायला लावतो आणि बाजाराच्या दिवसाआधी मजुरांचे पैसे देतो त्याच्याकडे जुनी माणसे टिकतात, आणि जुनी माणसे टिकली की कामाला हात बसतो. ज्याच्याकडे दर महिन्याला नवे गवंडी, त्याच्याकडे दर महिन्याला नव्या चुका.

दुसरी चौकशी सिमेंट-लोखंडाच्या दुकानात करावी. दुकानदार स्पष्ट बोलणार नाही, कारण तेही त्याचे गिऱ्हाईकच आहे. पण "यांना माल उधार देता का?" एवढे विचारून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले तरी पुरते. ज्याची उधारी थकलेली असते तो तुमच्या पैशांतून आधीच्या घराचे लोखंड फेडतो, आणि तुमच्या घराचे लोखंड पुढल्या गिऱ्हाइकाच्या पैशांची वाट पाहत राहते. तिसरी चौकशी जुन्या घरमालकांकडे. मात्र ज्याचे घर गेल्या दिवाळीत झाले त्याच्याकडे जाऊ नये, ज्याने त्या घरात निदान दोन पावसाळे काढले त्याच्याकडे जावे. "काम कसे झाले?" असे विचारले तर "चांगले झाले" असेच उत्तर येते, कारण आपण फसलो हे कोण कबूल करणार? त्याऐवजी विचारावे की, वाद कशावरून झाला आणि तेव्हा तो कसा वागला? बांधकामात वाद होत नाही असे घर आम्ही पाहिले नाही. वाद झाल्यावर जो दुसऱ्या दिवशी कामावर आला, तो ठेकेदार चांगला.

आता प्रत्यक्ष ठेकेदाराशी बोलताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "काँक्रीट करताना एका गोणीला पाणी किती घालता?" दिसायला हा प्रश्न अगदी क्षुल्लक आहे. घराच्या छताला निदान 'एम-२०' प्रतीचे काँक्रीट असावे असे भारतीय मानक सांगते. प्रमाणाने मिसळायचे तर त्याला एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी धरतात. पन्नास किलोच्या एका गोणीचे आकारमान सुमारे ३५ लिटर भरते आणि तिला पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. वाळू ओली असेल तर तेवढ्या मानाने आणखी कमी. पण ३० लिटरचा माल घट्ट होतो, पसरायला कष्ट पडतात, व्हायब्रेटर नीट चालवावा लागतो. मजूर म्हणतात, "साहेब, जरा पातळ करू," आणि दोन डबे पाणी जास्त पडते. माल सरसर वाहतो, सगळ्यांचे काम लवकर उरकते. पुढे ते जास्तीचे पाणी उडून जाते आणि जाताना काँक्रीटभर बारीक छिद्रे ठेवून जाते. त्याच छिद्रांतून आषाढातले पाणी देवघरात येते. या प्रश्नावर जो ठेकेदार हसून "त्याचा काही अंदाज असतो" म्हणतो त्याला आम्ही चहा पाजतो आणि निरोप देतो. जो म्हणतो, "अडीच डबे, पण वाळू ओली असली तर पाहून कमी," त्याच्याशी पुढचे बोलणे करतो. तयार काँक्रीट गाडीतून आणणार असेल तरी प्रश्न सुटत नाही. गाडी आल्यावर तिच्यात नळी सोडणारे हात तेच असतात.

काँक्रीटची खरी परीक्षा हवी असेल तर तीही होते. स्लॅब पडताना त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत दाबून पाहायचे. एम-२० च्या ठोकळ्याने ४५ टनांच्या वर भार सोसला पाहिजे. याला येणारा खर्च इतर खर्चांत शोधूनही सापडणार नाही. सळईचीही परीक्षा अशीच सोपी आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत येते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलोच्या आसपास भरली पाहिजे. थोडाफार फरक मानकालाही मान्य आहे, पण गाडीच्या गाडी हलकी निघाली तर तो माल परत पाठवावा. ठोकळे भरू व सळई तोलू देण्यास ठेकेदार तयार आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणणारा ठेकेदार आम्हांस भेटला आहे. विश्वास नाही असे त्याला सांगणे जड जाते, हे त्यालाही ठाऊक असते.

आणखी एक विचारावे, जे सहसा कुणी विचारत नाही: "सेंट्रिंगचे सामान स्वतःचे की भाड्याचे? आणि सध्या किती कामे चालू आहेत?" पाच कामे आणि सेंट्रिंगचे दोनच संच असतील, किंवा रोजाच्या भाड्याचे सामान असेल, तर प्लेटा आणि टेकू लवकर काढण्याची घाई होणारच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांनी काढावेत, ही साध्या सिमेंटची कमीत कमी मुदत आहे. हल्ली बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित असते. त्याला जोर यायला वेळ जास्त लागतो आणि पाणीही निदान दहा दिवस मारावे लागते. आम्ही तर चौदा दिवस मारावे असे म्हणू. पाणी मारणे कुणाकडे, हे पहिल्या दिवशी नाव घेऊन ठरवावे. "दोघे मिळून बघू" म्हटले की कुणीच बघत नाही.

मजुरीवर काम द्यावे की मालासकट, हा प्रश्न सभेनंतर नेहमी विचारला जातो, म्हणून आताच सांगतो. मजुरीवर दिले तर सिमेंट तुमचे असते, ते वाचवण्याची ठेकेदाराला गरज नसते. कालवलेला माल संध्याकाळी उकिरड्यावर जातो. मालासकट दिले तर सिमेंट त्याचे असते, ते घालण्याची त्याला गरज नसते! तेव्हा दोन्हीकडे राखण करावीच लागते. ज्याला रोज चार तास कामावर बसता येईल, दुकानात भाव करता येतील, अशा निवृत्त माणसाने मजुरीची वाट धरावी. आपल्या एकट्या घरासाठी नुसत्या मजुरीचा ठेका दिला तर त्यावर जीएसटीही लागत नाही. मालासकटच्या ठेक्यावर तो लागतो, आणि दरात धरला आहे की वर मागणार आहे हे विचारून घ्यावे लागते. नोकरी करणाऱ्याने मालासकट द्यावे, मात्र सिमेंट आणि सळई कोणत्या छापाची, हे कराराच्या कागदात लिहावे.

कागदात आणखी एक कलम आपल्या भागात अवश्य हवे, ते पायाच्या खोलीचे. कऱ्हाडकडच्या काळ्या रानात प्लॉट पडले आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला पाया वर्षातून एकदा उचलला जातो नि एकदा बसतो. भिंतींना तिरप्या भेगा पडतात त्या पुष्कळदा याचमुळे. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो किंवा इंजिनिअर सांगेल ती निराळी रचना करावी लागते. ठेकेदाराने दर सांगताना पाच फूट खोली धरली आणि मुरूम नऊ फुटांवर लागला की भांडण उभे राहते, आणि त्या भांडणात बहुधा पाया साडेपाच फुटांवर थांबतो. यावर उपाय सोपा आहे. दर ठरण्याआधी प्लॉटवर दोन ठिकाणी चाचणीचे खड्डे खणावेत, खडक कुठे लागतो ते तिघांनाही दाखवावे, आणि ठरलेल्या खोलीच्या पुढे दर फुटाला काय द्यायचे ते आधीच लिहून ठेवावे.

शेवटी पैशांचे हप्ते. ठेकेदार निवडताना आम्ही त्याच्या दराइतकेच, किंबहुना जास्तच, त्याने मागितलेल्या हप्त्यांकडे पाहतो. पुष्कळ जण असे मागतात: काम सुरू करताना पाचवा हिस्सा, जोत्याला पाव हिस्सा, आणि स्लॅब पडला की जवळजवळ सगळे. पण स्लॅब पडल्यावर गिलावा, नळ, वीज, फरशी, दारे-खिडक्या, रंग ही कामे उरतात, आणि ढोबळ मानाने निम्म्याच्या आसपास खर्च तेथेच असतो. त्या वेळी तुमच्या हाती काही शिल्लक नसते आणि त्याच्याही हाती नसते. आमच्या मते उचल दहाव्या हिश्शाहून अधिक देऊ नये. पुढे जेवढे काम उभे राहील तेवढ्याचेच पैसे, मापे घेऊन, इंजिनिअरच्या सहीनंतर आणि बँकेमार्फत द्यावेत. शंभरातले सात-आठ रुपये अनामत म्हणून एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावेत. मात्र केलेल्या कामाचे पैसे सांगितलेल्या दिवशी चोख द्यावेत. त्याला शनिवारी मजुरांना द्यायचे असतात, आणि मालकाने दोन आठवडे पैसे अडवले तर चांगल्या ठेकेदाराचेसुद्धा काम बिघडते. ही दुसरी बाजू आपल्या सभांतून फारशी सांगितली जात नाही.

एवढे करूनही फसगत झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहकाला दिलेली सेवाच आहे असे ठरवले आणि २०१९ च्या कायद्यातही ती आहे. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. करार, मापांची वही, बँकेच्या नोंदी आणि दर आठवड्याचे फोटो जवळ असतील तर तेथे बोलता येते. आमच्याजवळ १९९४ साली यांतले काही नव्हते, म्हणून आम्ही गेलोच नाही.

बंधूंच्या घराचे काम त्या म्हाताऱ्या गवंड्यांच्या ठेकेदारालाच दिले. त्याचा दर तिघांत मधला होता. पाण्याच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले आणि वर आम्हांलाच विचारले, "तुमच्या बोअरचं पाणी खारं आहे का? असलं तर काँक्रीटला टँकर लागेल." तो प्रश्न आमच्या यादीत नव्हता. काम सहा आठवडे लांबले, जिन्याच्या पायऱ्यांवरून वाद झाला, दोन पायऱ्या फोडून पुन्हा केल्या आणि त्यांचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. पुढल्या श्रावणात, चांगला तीन दिवस पाऊस लागला असताना, तो सकाळी छत्री घेऊन दारात उभा राहिला. कुणी बोलावले नव्हते. चपला काढून गच्चीवर गेला, पन्हाळीपाशी साठलेला पालापाचोळा हाताने काढला, खाली येऊन प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यांना तळवा लावून पाहिला. मग ओट्यापाशी बसून चहा घेतला. अनामत रकमेची मुदत संपायला अजून दोन महिने होते. बंधूंनी चेकबुक काढले, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या. दसऱ्याला बघू."